गांजा ओढणाऱ्या रुग्णांची स्मरणशक्ती जास्त चांगली असते म्हणे!

डॉक्टर,
माझं वय २७. मूळ लातूरकडचा, पुण्यात रूम करून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. सध्या रात्री ओलान्झपिन १० मिलिग्रॅम घेतो. शिवाय आधीच्या औषधाने हात कापायचे म्हणून सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची छोटी गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. आवाज आता क्वचितच येतात. पण वाचलेलं टिकत नाही. राज्यघटनेची कलमं पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी सरमिसळ.
आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी रूममेटांबरोबर गांजा ओढतो. त्या दोन तासांत डोकं मोकळं होतं, हसू येतं, माणसांत बसावंसं वाटतं. दोन्ही एकत्र नको म्हणून त्या रात्री गोळी टाळतो. सिगारेट दिवसाला सात-आठ. यातलं डॉक्टरांना काही माहीत नाही.
मध्यंतरी वाचलं की स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण गांजा ओढतात त्यांची स्मरणशक्ती न ओढणाऱ्या रुग्णांपेक्षा चांगली असते आणि गांजाने मेंदूतली बिघडलेली जोडणी सुधारते. हे खरं असेल तर मी का सोडू? पिढ्यान्‌पिढ्या साधू ओढतच आले आहेत ना? सीबीडी तेल घेतलं तर चालेल का? आणि मोठ्या भावाला सांगू का? कृपा करून लेक्चर देऊ नका.
– अभ्यासिकेतला एक

*

नमस्कार.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. हे आधीच सांगतो, कारण हा विषय निघाला की आमच्यातले बरेच जण ‘असं काही नसतं’ म्हणून वेळ मारून नेतात. रुग्ण घरी जाऊन मोबाइलवर तेच संशोधन वाचतो आणि विश्वास उडतो तो डॉक्टरवरचा. गांजावरचा तसाच राहतो.

तर २०११-१२च्या सुमारास काही संशोधकांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र करून ताळा मांडला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण दोन गटांत घेतले, आयुष्यात कधीतरी गांजा ओढलेले आणि कधीच न ओढलेले. स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन यांच्या काही चाचण्यांत ओढलेल्यांना गुण जास्त पडले. संशोधकही चक्रावले, कारण आजार नसलेल्या माणसांत नेमकं उलट दिसतं.

हे गुण कशाचे असतात ते जरा जवळून बघू. शब्दस्मरणाची एक चाचणी साधारण अशी असते. समोरचा माणूस बारा शब्द एका सुरात वाचतो : वांगं, परात, शेळी, दोडका, बैल, तांब्या... तीन गटांतले शब्द मुद्दाम मिसळलेले असतात. आठवतील तेवढे सांगायचे. तीच यादी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मग वीस-पंचवीस मिनिटं काहीतरी भलतंच काम देतात आणि मध्येच विचारतात, ‘मघाचे शब्द सांगा बघू.’ ज्याचं डोकं नीट चालतंय तो दुसऱ्या फेरीलाच न सांगता गट पाडतो. भाज्या एकीकडे, भांडी एकीकडे, जनावरं एकीकडे. स्किझोफ्रेनियात बऱ्याच जणांना हे गट पाडणंच जमत नाही. शब्द सुटे पडतात. तुमच्या कलमांची जी सरमिसळ होते ती याच जातीची आहे. म्हणजे तो तुमचा आळस नाही, आणि ‘मन लावून वाच’ म्हणणाऱ्यांना हे खुशाल सांगा.

आता प्रश्न असा की ओढलेल्यांना गुण जास्त का? गांजा मिळवायला काय काय लागतं ते आठवून बघा. कोणाकडे मिळतो ते माहीत हवं. त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. चार मित्र हवेत, हातात पैसे हवेत, पोलिसांची नजर चुकवायची अक्कल हवी. ज्याला आजाराने शाळेतच गाठलं, जो खोलीबाहेर पडत नाही, ज्याला दुकानदाराशी बोलायचीही भीती वाटते, तो गांजापर्यंत पोचतच नाही. तो ‘न ओढणाऱ्यां’त मोजला जातो आणि त्या गटाची सरासरी खाली येते. वारीत आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे गुडघे घरी पडून असलेल्यांपेक्षा चांगले निघणारच. म्हणून पडून असलेल्याला उठवून कोणी दिंडीत चालायला लावत नाही.

याला आणखी एक बाजू आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. स्किझोफ्रेनियाकडे जाणारी वाट सगळ्यांची एक नसते. काहींच्या मेंदूच्या वाढीत लहानपणापासूनच अडचणी असतात. बोलायला उशीर, शाळेत मागे, मित्र कमी. त्यांना आजार बहुधा गांजाशिवायही झाला असता. काही जण मात्र आजाराआधी चांगले हुशार असतात, मित्रांत रमणारे असतात. त्यांच्यात आजाराची ओढ थोडीच असते आणि गांजा तिला ढकलत असावा. असे रुग्ण चाचणीला बसले तर त्यांना गुण जास्तच पडणार, कारण मुळात त्यांचा मेंदू कमी बिघडलेला असतो. ते गुण गांजाने दिलेले नसतात. गांजा ओढूनही शिल्लक राहिलेले असतात. संशोधकांत सगळ्यात जास्त मान्य असलेला खुलासा हाच आहे.

तुमचा आजार गांजामुळेच झाला असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल ते कोणालाच सांगता येणार नाही. लाखो लोक ओढतात आणि बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होत नाही. पण संबंध आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करात भरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांची माहिती पंधरा वर्षं तपासली गेली. भरतीआधी ५०हून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सहापट निघालं. १९८७ साली तो अहवाल आला. २०१९ साली युरोपातली शहरं आणि ब्राझील धरून झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की रोज आणि तोही जास्त टीएचसीचा माल घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-संशयाच्या आजाराची, शक्यता जवळपास पाचपट आहे. टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य. दहा टक्के आणि त्याहून जास्त टीएचसी असलेला माल त्यांनी कडक धरला होता. तुमच्या रूमवर येणाऱ्या पुडीत किती टक्के आहे हे ना तुम्हाला माहीत, ना विकणाऱ्याला. बँकॉकहून येणारा ‘हायड्रो’ गांजा मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचतच असाल. तो साध्या गांजापेक्षा पुष्कळ कडक असतो.

आणि त्या गुणांच्या अभ्यासांतली मेख अजून सांगायचीच राहिली. ‘आयुष्यात कधीतरी ओढला’ आणि ‘आत्ता ओढतोय’ हे दोन निराळे गट आहेत. फायदा दिसतो तो मुख्यतः पहिल्या गटात. पुढे २०१८ साली तरुण आणि सध्या ओढत असलेल्या रुग्णांवरचे अभ्यास वेगळे काढून पाहिले, तेव्हा शब्दस्मरण आणि डोक्यात चार गोष्टी एकदम धरून ठेवण्याची क्षमता, दोन्हींत ते मागे पडलेले दिसले. तुम्ही २७ वर्षांचे आहात आणि आठवड्यातून चार-पाचदा ओढता. म्हणजे तुम्ही वाचलेला आकडा तुमच्या गटाचा नव्हेच.

आता ‘जोडणी सुधारते’ याबद्दल. अमेरिकेतल्या डार्टमाउथ इथल्या एका गटाने स्किझोफ्रेनिया आणि गांजाचं व्यसन दोन्ही असलेल्या मूठभर रुग्णांचे मेंदूचे स्कॅन घेतले. त्यांना ३.६ टक्के टीएचसीची एक सिगारेट किंवा १५ मिलिग्रॅम टीएचसीची कॅप्सूल दिली. या रुग्णांत मेंदूतल्या आनंद-बक्षिसाशी संबंधित भागांचा आपसातला ताळमेळ कमी असतो. डोसनंतर काही वेळ तो निरोगी माणसांसारखा दिसू लागला. हे संशोधन प्रामाणिक आहे आणि मला ते महत्त्वाचंही वाटतं, कारण रुग्ण गांजाकडे का वळतात याचं उत्तर त्यात असू शकतं. तुमचं ‘डोकं मोकळं होतं, माणसांत बसावंसं वाटतं’ हे कदाचित स्कॅनवर असंच दिसत असेल. पण माणसं मूठभर, डोस एक, माल मोजूनमापून हलका, आणि मोजमाप काही तासांचं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूचं वर्षभराने काय होतं याचा यात शब्दही नाही. संध्याकाळी सात वाजता जोडणी सुधारून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कलम आठवणार नसेल, तर तुमच्या परीक्षेला तिचा उपयोग काय?

याच्या उलट बाजूचा एक प्रयोगही तुम्हाला ठाऊक असावा. येल विद्यापीठात २००५ साली स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना शिरेतून टीएचसी दिलं. सगळे औषधं नीट घेणारे होते, प्रकृती स्थिर होती. यातून काही आराम मिळतो का हेही शोधायचं होतं. आराम कुठेच दिसला नाही. संशय आणि भास थोड्या वेळापुरते वाढले. शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता घसरली, आणि ती निरोगी माणसांपेक्षा रुग्णांत जास्त घसरली.

असं का होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, आणि निरोप जास्त झाले की ‘पुरे’ म्हणायची एक सोय मेंदूकडे असते. ती सोय सीबी-वन नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, चालते. हे ग्राही सगळ्यात दाट असलेल्या भागांत हिपोकॅम्पस आणि मेंदूचा पुढचा भाग हे दोन्ही येतात. नवीन गोष्ट नोंदवायचं काम हिपोकॅम्पसचं आणि तिचे गट पाडायचं पुढच्या भागाचं. टीएचसी सरसकट सगळ्या ग्राहींवर जाऊन बसतं. निरोप नको तिथे थांबतात, हवे तिथे थांबत नाहीत. स्किझोफ्रेनियात हेच दोन भाग आधीपासून अडखळत असतात.

तरीही तुम्हाला बरं वाटतं, ते खोटं नाही. तुमच्यासारख्या अनेकांशी बोलल्यावर माझं मत असं झालंय की बहुतेक रुग्ण ‘आवाज बंद व्हावेत’ म्हणून ओढतच नाहीत. कंटाळा असतो, एकटेपणा असतो. गोळ्यांनी आलेला बधिरपणा असतो. रूममेट ओढत असताना आपणच वेगळे बसायचं अवघड वाटतं. ही कारणं खरी आहेत आणि सोडायचं म्हटलं तर प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. नुसतं ‘सोड’ म्हणून भागत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ घेतो. ती गांजाची नाहीच. ‘दोन्ही एकत्र नको म्हणून त्या रात्री गोळी टाळतो.’ जरा हिशोब करा. आठवड्यातून चार-पाच रात्री ओढता, म्हणजे सातपैकी दोन-तीनच गोळ्या पोटात जातात. तुमचे डॉक्टर समजतात हा १० मिलिग्रॅमवर आहे. ओलान्झपिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही आणि आपल्याला वाटतं, चालतंय की! मात्र आजार परत डोकं वर काढतो तो काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तेव्हा त्याचा संबंध कोणी टाळलेल्या गोळ्यांशी जोडत नाही. गांजा चालू ठेवणाऱ्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यातला काही भाग गांजाचा थेट परिणाम नसून चुकलेल्या गोळ्यांचा आहे, हेही दिसलंय. ज्यांनी ओढणं थांबवलं त्यांचं पुढचं आयुष्य कधीच न ओढलेल्यांच्या बरंच जवळ गेलं.

म्हणून आज रात्रीपासूनची गोष्ट एकच : ओढलात तरी गोळी घ्यायची. दोन्हींनी झोप जास्त येईल, तेव्हा त्यानंतर गाडी चालवू नका, बाकी गोळी चुकवू नका. हे वाचून काही पालक माझ्यावर रागावतील, पण गांजा आज सुटेल की नाही माहीत नाही. गोळी मात्र आज घेता येते.

आता सिगारेट. तंबाखूच्या धुराने यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करायला लागतं आणि ते ओलान्झपिन लवकर संपवतं. स्किझोफ्रेनियावरच्याच क्लोझपिन या दुसऱ्या औषधाचंही तसंच. हा प्रताप निकोटिनचा नाही, धुराचा आहे. त्यामुळे गांज्याचा रोल तंबाखू मिसळून वळत असाल तर तोही यात आला. म्हणजे तुमच्या रक्तात औषध दोन बाजूंनी कमी होतंय, निम्म्याहून जास्त गोळ्या चुकतात आणि उरलेल्यांतला काही भाग धूर खातो. आता समजा हे वाचून तुम्ही उद्यापासून गांजा, सिगारेट दोन्ही बंद केलंत आणि रोज रात्री गोळी सुरू केलीत, तर रक्तातलं औषध एकदम वाढेल. दिवसभर गुंगी येईल, अभ्यासिकेत डोकं टेबलावर टेकेल. तुम्ही म्हणाल, बघा, गांजा होता तोच बरा होता! क्लोझपिनवरच्या माणसाला तर अशाने फिटही येऊ शकते. म्हणून तुमच्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं. डोस कमी-जास्त करायचा तो त्यांनी, तुम्ही नाही.

आणि ती छोटी गोळी. ट्रायहेक्सिफेनिडिल हाताच्या कापऱ्यावर चांगली आहे, पण नवीन गोष्ट लक्षात ठेवायला जे रसायन लागतं त्याच्याच आड ती येते. शिवाय तोंड कोरडं पडतं, जवळचं अंधुक दिसतं. पुस्तकातल्या ओळी पुसट दिसतात का, हे स्वतःला विचारून बघा. हात कापायचे ते आधीच्या औषधाने. ओलान्झपिनने तसं होण्याचं प्रमाण कमी असतं. आपल्याकडे ही गोळी एकदा चिठ्ठीवर आली की चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्यांवर उतरत जाते, का चालू आहे हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका, ती हळूहळू उतरवावी लागते. ‘माझी स्मरणशक्ती’ म्हणून तुम्ही जे रडगाणं गाताय त्यातला काही वाटा या गोळीचा असेल तर तो सगळ्यात स्वस्तात सुटणारा भाग आहे.

सोडायचं ठरवलंत तर काय होईल ते सांगतो. गांजा सोडवण्यासाठी मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, घाम येतो, झोप लागत नाही, लागली तर स्वप्नं चित्रविचित्र आणि अगदी खरी वाटणारी पडतात. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, झोप रुळावर यायला कधी जास्त वेळ लागतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाने यात एक फरक ओळखायला शिकलं पाहिजे. चिडचिड आणि स्वप्नं हा गांजा सुटल्याचा त्रास आहे, तो दिवसागणिक कमी होत जातो. पण मागच्या बाकावरचा माणूस आपल्यालाच उद्देशून खोकतोय असं वाटू लागलं, चहाच्या टपरीवरचं हसणं आपल्याबद्दलचं वाटलं, आवाज वाढले, तर तो आजार आहे. त्याला पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात सोडायला घेऊ नका. परीक्षा झाल्यावर घ्या, किंवा आत्ता, जेव्हा हातात दोन-तीन सैल आठवडे असतील. सुरुवातीचे दिवस त्या रूमवर काढू नका. संध्याकाळी सात ते नऊ ही तुमची वेळ आहे, तेवढ्या वेळात त्या खोलीत असूच नका.

सोडल्याने स्मरणशक्ती परत येते का? आजार नसलेल्या तरुणांत पहिल्या आठवड्यातच शब्द शिकण्याची क्षमता सुधारलेली दिसली आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना २८ दिवस गांजापासून दूर ठेवून चाचण्या घेतल्या, तेव्हा शब्दस्मरणात थोडी सुधारणा दिसली. थोडी, चमत्कार नव्हे. आजाराने नेलेलं सगळं गांजा सोडून परत मिळणार नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण आत्ता तुमच्या डोक्यावर आजार, गांजा, ट्रायहेक्सिफेनिडिल आणि अर्धवट औषध असं चौघांचं ओझं आहे. त्यातली तीन उतरवता येतात.

माझं म्हणणं पटत नसेल तर वही घाला. रोज चार गोष्टी लिहा : ओढला की नाही, गोळी घेतली की नाही, झोप किती तास, आणि आदल्या दिवशी वाचलेल्यापैकी सकाळी न बघता किती मुद्दे लिहिता आले. आवाज किंवा संशय आला तर तोही. गांजाचा आराम दहा मिनिटांत जाणवतो, त्याचा भुर्दंड एक-दोन दिवसांनी पडतो. मन त्या दोन्हींची सांगड घालत नाही. ती घालायला वही लागते. महिन्याभराने ती पानं तुम्हीच वाचा.

साधूंचं म्हणाल तर, इंग्रज सरकारने १८९३-९४ साली या विषयावर एक मोठा आयोग नेमला होता. ‘गांजाने वेड लागतं’ या ओरडीची शहानिशा करायला त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं तपासली. रुग्णाला आणणारे पोलीस कारणाच्या रकान्यात सर्रास ‘गांजा’ लिहून मोकळे होत, असं त्यात निघालं. आयोग या निष्कर्षाला आला की माफक सेवनाने बहुतेकांच्या मनावर वाईट परिणाम होत नाही. गांजाचे चाहते हे वाक्य फार प्रेमाने सांगतात. पण अतिसेवन मनाची अस्थिरता दाखवतं आणि वाढवतं, हेही त्याच आयोगाने लिहून ठेवलंय. तुम्ही कोणत्या वाक्यात बसता ते तुम्हीच ठरवा.

सीबीडी तेलाबद्दल थोडक्यात. सीबीडी हे त्याच झाडातलं पण नशा न आणणारं द्रव्य. २०१८ साली ८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर रोज १००० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी दिलं, सहा आठवड्यांत भास-संशयात थोडा फरक पडला. त्याच सुमारास ६०० मिलिग्रॅमच्या दुसऱ्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. आता ऑनलाइन मिळणारी बाटली हातात घ्या. तिच्यावर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते अख्ख्या बाटलीचं. म्हणजे महिनाभर थेंब-थेंब घ्यायची बाटली त्या चाचणीत एका दिवसात संपली असती. शिवाय ‘विजया’ या गांजाच्या आयुर्वेदिक नावाने मिळणाऱ्या कित्येक अर्कांत टीएचसीही असतं. पैसे वाचवा.

डॉक्टरांना सांगायला पोलिसांची भीती वाटत असेल तर ती सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. अमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमाचीही सोय आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल तर सेवनाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. पकडलं जाणं मात्र वेगळं. सेवनाचं कलम २७ लागलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याला सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणीला सामोरं जायचंय त्याला मी याहून जास्त काय सांगू?

समोर बसून बोलायला जीभ रेटत नसेल तर तुम्ही मला लिहिलेलंच पत्र छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यात त्यांना हवं ते सगळं आहे. त्यांनी आरडाओरडा केला आणि डोसाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तर डॉक्टर बदला. तुम्ही पुण्यातच आहात, तिथे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठीची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही आहे. मुक्तांगणमध्ये फोन करताना ‘मला स्किझोफ्रेनिया आहे आणि औषध चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे दोन्हींचा उपचार एकत्र कसा करायचा ते त्यांना ठरवता येईल. घाईघाईने भलत्याच कुठल्या केंद्रात जाऊ नका. काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या नावाखाली मानसोपचाराच्या गोळ्याही ‘नशा’ म्हणून बंद करतात. तसं कोणी सुचवलं तर तिथून उठायचं. आवाज काही करायला सांगू लागले, जीव नकोसा वाटला, तर रात्री-अपरात्रीही १४४१६ या टेलि-मानस नावाच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभागही चोवीस तास उघडा असतो.

आता मोठा भाऊ. सांगा, पण सगळं एका दमात नको. स्किझोफ्रेनियाच्या मदतगटांत काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. तुमचे दादा ते काम आधीपासून करत असणार, फक्त अर्ध्या माहितीवर. पहिल्यांदा गोळ्यांचं सांगा. ‘दादा, माझ्या गोळ्या चुकतात, रात्री दहाला फोन करून विचारशील का?’ एवढंच. हे ऐकून कोणी रागावत नाही, उलट त्यांना करायला काहीतरी मिळतं. फोन चार-सहा दिवस नीट चालला की गांजाचं सांगा, आणि त्याच वाक्यात डॉक्टरांची तारीखही सांगा. पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांना लातूरहून बोलवून घ्या. ‘आई-बाबांना कळवू का’ असं ते विचारतीलच. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, त्यांनी नाही, हेही आधीच बोलून ठेवा.